जादा गुणसूत्राची मरळ आणि हळद-मीठ

मित्रहो, आज फार थकले आहे, म्हणून मोजकेच लिहिते.

केदारखेड्याजवळच्या ओढ्यावरील एका तळ्यातील मरळ माशांत मला नेहमीच्या संचापलीकडचे एक जादा गुणसूत्र दिसले होते. त्यावरील जनुके गप्प का असतात, मेथिलेशनने, म्हणजे डीएनएला चिकटणाऱ्या रासायनिक खुणांनी, त्याला कुलूप घातले आहे का, हा माझा पुढचा प्रश्न. परंतु माझ्या शोधनिबंधाच्या परीक्षकांनी कळवले, "हा काचपट्टीवरील कचरा असू शकतो. पुन्हा दाखवा." कचरा, आणि माझ्या काचपट्टीवर!

तळे आटत आले होते. मासेमारी करणाऱ्या रामभाऊंना मी बजावले होते, मासे जिवंतच हवेत. गुणसूत्रे दिसतात ती विभागणाऱ्या पेशींत, आणि त्या मी माशाच्या मूत्रपिंडातून घेते.

आज दुपारी ते भोकरदनला, आमच्या महाविद्यालयात आले. डब्यात हळद-मीठ लावलेले तुकडे!

"रामभाऊ, जिवंत सांगितले होते ना?"

"जित्तेच व्हते मॅडम, साफ करेस्तोर! तुम्ही जैन माणसं, तुमच्यानं कापणं व्हणार न्हाई. मंग आमच्या मंडळीनं बराबर साफ करून देले. घाण सगळी फेकली."

त्या घाणीतच मूत्रपिंडे गेली. तळ्यात आता निव्वळ चिखल आहे, हेही त्यांनीच सांगितले.

मला रागावण्याचेही त्राण उरले नाही. या तुकड्यांतून डीएनए कदाचित मिळेल, मेथिलेशनही मोजता येईल. पण ज्या गुणसूत्राचे अस्तित्वच कोणी मानत नाही, त्याचे कुलूप मी कोणाला दाखवू?

त्याच ओढ्यावरच्या एखाद्या तळ्यात मरळ अजून उरली आहे का? आपल्यापैकी कोणास ठाऊक असल्यास कळवावे. साफ मात्र करू नये.