खिडकीत ठेवलेली चिमणी

तिने पहिल्याच पुस्तकात घोडचूक केली होती. चित्रं काढायला दिलेल्या गोष्टीत लिहिलं होतं, 'आईने खिडकीत चिमणी ठेवली, आणि बाबांना अंधारात घर सापडलं.' विजेच्या उजेडात वाढलेल्या या पोरीने रॉकेलची चिमणी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिने खिडकीत सरळ पाखरू बसवलं, आणि पाखरामुळे घर कसं सापडणार म्हणून त्याच्या पोटात पिवळा उजेड भरला.

छापलेलं पान पाहून संपादकांनी कपाळाला हात लावला. पण पोरांनी ती उजेडाची चिमणी डोक्यावर घेतली, आणि वर्षभराने पुस्तकाला पुरस्कार मिळाला.

"चुकीला बक्षीस मिळालेलं पहिल्यांदाच बघतेय," धाकटी बहीण म्हणाली. तिचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. खोटं मात्र ती कधी बोलायची नाही, कौतुकापुरतंसुद्धा नाही.

पुढे चाळीस वर्षं प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ती चिमणी आली; कधी ढगाच्या कडेला, कधी झोपलेल्या हत्तीच्या कानात. कागद ओला करायचा, रंगाचा थेंब सोडायचा आणि तो आपल्या मर्जीने पसरताना बघत बसायचं. तेव्हा हाक मारली तरी तिला ऐकू जात नसे.

आता डोळ्यांनी दगा दिला होता. हातातलं पुस्तक शेवटचं, आणि त्याचंही शेवटचं पानच उरलेलं. पांढरा आणि पिवळा तिला सारखेच दिसत. चिमणी विझलेली निघाली तर? या धास्तीने आठवडाभर ती कुंचल्याला शिवली नव्हती.

शेवटी बहिणीने पिवळ्या रंगाची बाटली तिच्या हातात ठेवली. "काढ आता. मी आहे ना."

तिने बोटांनी कागद चाचपला, घर काढलं, छपरावर चिमणी बसवली आणि अंदाजाने थेंब सोडला. डोळ्यांपुढच्या धुक्यात काहीतरी हळूहळू पसरत गेलं.

"लागली का गं चिमणी?"

बहीण कागदावर वाकली.

"चुकलं," ती म्हणाली. "पाखरू कोरंच राहिलं. उजेड खाली सांडलाय."

"खाली कुठे?"

"घराच्या खिडकीत. सगळी खिडकी उजळलीय."

हे ऐकून ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"राहू दे मग," ती म्हणाली. "चाळीस वर्षांनी का होईना, चूक दुरुस्त झाली."