दोन सूत आखूड पाय

कुपवाडच्या फर्निचर कारखान्यात शमशेर मिस्त्रीची बावीस वर्षं गेली. नवा नमुना आधी त्याच्या हातातून उतरायचा, मग मशीनवर चढायचा. कॅटलॉगात नाव मात्र पुण्याच्या डिझायनरचं. शमशेरच्या मनाला ते लागायचं, पण तोंड उघडेल तर शपथ. लाकडासमोर वाघ, माणसांसमोर गाय!

गेल्या वर्षी त्यानं कवठे महांकाळला राहणाऱ्या आपल्या आईसाठी, जरिनाबींसाठी, कारखान्यातच खुर्ची करायला घेतली. त्यांचे गुडघे धरलेले. म्हणून बैठक जरा उंच आणि हात पुढं काढलेले, उठताना जोर देता यावा असे. दाराजवळच्या त्यांच्या बसायच्या जागी एक फरशी वर आली होती, म्हणून मागचा डावा पाय त्यानं दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड केला. फरशी बसवायची सोडून खुर्ची कापतोय म्हणून त्याची बायको समीना लय हसली. पण सुताराला आधी लाकूडच सुचणार की!

खुर्ची घरी जायच्या आधीच मालक धनपालअण्णांच्या नजरेत भरली. शमशेर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता, तेवढ्यात डिझायनरनं तिची मापं उतरवली. एक पाय आखूड दिसला, पण मिस्त्रीनं केलंय म्हणजे त्यात काहीतरी डोकं असणार, असं डिझायनरसाहेबाला वाटलं. कामगारांना वाटलं, साहेबानंच काढलंय. आणि शमशेर परत येईपर्यंत अशा दोनशे खुर्च्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन डुगडुगायला लागल्या.

अण्णांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि डिझायनरला विचारलं, हा पाय आखूड का? तो कागद उलटेपालटे करत राहिला. आज गप्प बसलो तर जन्मभर गप्पच, हे शमशेरला कळत होतं.

“अण्णा, माज्या आईच्या घरातली फरशी वर आलीया,” तो म्हणाला. “ती खुर्ची मी तिच्यासाठी केलीवती. बावीस वर्सं नमुनं मीच करतूय. आता तरी त्याच्याखाली माजं नाव घाला.”

अण्णांनी मान खाली घातली. हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायची त्यांना सोय नव्हती. महिन्याभरात सगळ्या खुर्च्या दुरुस्त झाल्या, नवा कॅटलॉग आला, त्यात शमशेरचं नाव होतं. पहिली खुर्ची शोरूमला राहिली, आणि जरिनाबींसाठी अण्णांनी एक नवीकोरी पाठवली.

समीनानं कॅटलॉगातलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. ते ऐकत जरिनाबी दाराजवळ खुर्चीत बसल्या, आणि खुर्ची डुगडुगली. आता तिचे चारी पाय सारखे होते ना.

“तुज्या नावाची हाय म्हनं,” त्या म्हणाल्या, “आन् हलतीया?”

शमशेरनं करवत आणली आणि मागच्या डाव्या पायाचे दोन सूत उतरवले. जरिनाबी पुन्हा बसल्या. खुर्ची हलली नाही. शमशेरच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव वाचलं तेव्हा आलं नव्हतं.