मामांच्या स्लॅबचा सांधा

कळंब्याच्या माझ्या कामावर स्लॅब निम्म्यावर आला होता. मिक्सरच्या आवाजात बाबालाल मिस्त्री खालून ओरडला, "शालनताई, मामा गेलं!" ... उतरावं की नको, कळेना. स्लॅब चालू असताना वरून हलायचं नाही, ही मामांचीच शिकवण. "मालक उतरला की गडी बी उतरत्यात," म्हणायचे. काम थांबलं की जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि छत जन्मभर गळतं.

वडील लवकर गेल्यामुळे ठेकेदार मामाच माझे पालक. तोंडाने फटकळ. मॅट्रिकनंतर मी बांधकामाच्या डिप्लोमाचा हट्ट धरला, तेव्हा भडकलेच. मास्तरीण हो, म्हणाले. प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी कॉलेजची खिडकी बंद होणार, पालकाने समक्ष येऊन सही करायची, आणि नेमका त्याच दिवशी गडमुडशिंगीत मामांच्या स्वतःच्या घराचा स्लॅब! मी रडकुंडीला येऊन शिडी चढले.

"मामा, चला ना. खिडकी बंद होईल."

"स्लॅब झाल्याबिगर न्हाय. आन शिकून करणार काय? बाईमाणसाला साइटवर काम कोण देणार हाय?"

"तुम्ही द्या की!"

घमेली जागच्या जागी थांबली. मामा लालबुंद झाले. आता कानाखाली बसणार, अशी माझी खात्रीच झाली ... "बाबालाल, बघ रं जरा," एवढंच म्हणून ते शिडी उतरले. मला फटफटीवर मागे बसवून थेट कॉलेज गाठलं. सिमेंटने माखलेल्या बोटांनी त्यांनी सही केली, तेव्हा कारकून खिडकी ओढतच होता.

परत आलो तर गडी खाली चहा पीत बसलेले आणि वर काँक्रीट आवळून घट्ट झालेलं. बाबालालचं कोणी ऐकलंच नव्हतं. मामांनी कपाळावर हात मारला. सांधा राहिला तो राहिलाच. दर पावसाळ्यात सोप्यात घमेलं ठेवावं लागे. लोकांच्या घरांची गळती काढणाऱ्या मामांनी स्वतःच्या घरची काही काढली नाही. उलट पावणं आलं की छताकडे बोट दाखवायचे, "ही आमच्या शालनची ॲडमिशन!"

त्या दिवशी कळंब्यात मीही शिडी उतरले.

परवा, महिन्याभराने, मामांच्या घरी गेले. सोप्यात घमेलं तसंच होतं. म्हटलं, "मामी, उद्या माणसं पाठवते, गळती काढून टाकू."

मामींनी डोळ्यांना पदर लावला. "राहू दे गं. पावणं आलं तर काय दावू?"