सरांच्या पत्त्यांची माळ

आता हसायचं न्हाय हां, आधीच सांगतो! तवा माजी अशी तंतरली हुती की इचारू नका.

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं मारायचो. जशी भोकं, तसं मागावर फूल उटतंय. पुठ्ठे दोरीत ओवून माळ करायची, म्हंजी मागंपुडं हुईत न्हाय.

आमच्या घरावरच्या खोलीत कॉलेजातले एक सर भाड्यानं ऱ्हायचे. त्यांच्याकडंबी भोकांचे पत्ते, पेटीभर!

म्या इचारलं, "कुटली चादर वो ही?"

"चादर नव्हे, सिद्राम. तांब्यात लोखंडाचा एकच अणू शिरला, की भोवतीचे सगळे इलेक्ट्रॉन त्याच्यामागं लागतात, एकमेकांत अडकतात. तो गुंता एकदम सुटत नाही. म्हणून थोडे घ्यायचे, मोजायचं, नको ते सोडायचं, मग पुढचे घ्यायचे. या पत्त्यांची भोकं वाचून मुंबईचं कॉम्प्युटर मशीन हे मोजणार. वर्षभरानं पाळी मिळालीय!"

म्या मान हालवली. कळलं काय? डोंबल!

त्याच संध्याकाळी सरांची मुंबईची गाडी. दुपारी ते कॉलेजात गेले, आन् मला खोडी सुचली. पेटी आणून आमच्या फळीवर लपवली. शोदतील, वरडतील, मग चा उकळू!

तर धप्प! पेटी खाली, पत्ते पार चुलीपतुर!

बायको म्हणती, "वर्साची पाळी न्हवं त्यांची? आता बसा बोंबलत!"

सिद्धेश्वरा, एवडं निभाव! तर काय, गठ्ठ्याच्या कडंवर सरांनी शाईची तिरकी रेघ वडलेली. रेघ जुळवत गेलो, सगळे पत्ते जाग्यावर!

गप ठिवून यायचं की न्हाय? पर भ्या लई वंगाळ. गाडीत परत सांडले तर? काडला पंच. दर पत्त्याला दोन्ही टोकांना भोक, दोरी ओवली, झकास माळ!

सरांनी पेटी उगडली. त्वांड पांढरंफटक.

"हे... हे काय?"

"सांडले हुते, सर. घाबरू नका! लावले, ओवले. आता हालायचे न्हाईत!"

"अरे, दोरी काढली तरी मशीन तुझी भोकंसुद्धा वाचेल!"

तोंडातनं निगून गेलं, "मग आमच्या मागावर लावू का?"

सर पायरीवरच बसले. म्या पाय धरले. "तितं परत सगळं करावं लागंल का वो?"

"सगळं. पाळी संपायच्या आत."

गाडीची येळ झालती. पेटी उचलून सर दारापतुर गेले, वळले, आन् मला हात जोडले. मला!

"सिद्राम, पुढच्या वेळी नुसतं सांड रे बाबा. नीट करू नकोस!"