नुसते ओठ हलव

“तू मागच्या रांगेत. नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.”

शहापूरच्या गायनवर्गात गुरुजी मला हे सगळ्या मुलींसमोर म्हणाले. वार्षिक कार्यक्रमाची तालीम चालू होती. गुरुजींनी पेटीवर काळी चारची उंच पट्टी धरलेली. मुलींचा आवाज गोड आणि उंचच असतो म्हणे. माझा नव्हता. भरदार, खालचा आवाज. वर गेला की फाटायचा. दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. गुरुजी पुढं म्हणाले, “हा तुमच्या वस्तीतला जयंतीचा गळा. इथं चालत नाही.”

माझा बाप दाराशी, चपलांपाशी उभा होता. खर्डीहून मला तोच घेऊन यायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या गायन पार्टीत पुढं तो गायचा, अख्खी वस्ती मागं गायची. त्याच्यादेखत हे बोलले. आणि तो काय म्हणाला? “गुरुजी सांगतात तसं कर गो बाय.” मला गुरुजींपेक्षा बापाचाच राग आला.

कार्यक्रमाला मी ओठ हलवले. खाली उतरले तर बाप समोर, डोळे भरलेले. “सगळ्यांत तुजाच आवाज कळत होता गो.”

जो मी काढलाच नव्हता! लाजेनं मेल्यासारखं झालं. घरी पोचलो. दाराशी मात्र राहवलं नाही. “बाबा, मी गातच नव्हते.” त्या रात्री तो जेवला नाही.

पुढच्या वर्गाला मी गुरुजींना म्हणाले, “माझ्यापुरती पट्टी उतरवा. मी गाऊन दाखवते.”

“तुझ्या एकटीसाठी? तुला इथं बोलावलं होतं कुणी?”

“मग मी गाणार नाही. आणि ओठही हलवणार नाही.”

चपला घातल्या, निघाले. अभिमान-बिभिमान काही नव्हता, नुसता संताप.

आज मी मुरबाडकडच्या एका शाळेत संगीत शिकवते. नवीन मूल आलं की आधी त्याला घरचं गाणं म्हणायला लावते. लग्नातलं, जयंतीचं, मोबाइलवरचं, कुठलंही. मी पेटीवर त्याचा सा शोधते, मग तिथून शिकवते. वर्गाचे दोन गट, दोन पट्ट्या. वेळ लागतो. लागू दे. गळा मोकळा झाला की पोर स्वतःच म्हणतं, “बाई, चुकला काय वो सूर?” तोवर मी चूक काढत नाही.

पण मुख्याध्यापक पाठ सोडत नाहीत. तालुक्याची स्पर्धा आली. “मॅडम, गोड गळे तेवढे निवडा. बाकीचे बसू देत. नंबर यायला हवा.” बाकीचे म्हणजे कोण, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. पाड्यावरची पोरं. आमच्यातली पोरं. समजावून समजावून मी थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

काल त्यांना तोंडावर सांगितलं. स्पर्धेला जाईल तर अख्खा वर्ग जाईल, नाहीतर कुणीच जाणार नाही. नंबर गेला खड्ड्यात. नोटीस द्यायची तर द्या. माझ्या हातून एकही पोर खाली बसणार नाही.