बिनसाखरेचा चहा

सासरचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपण गप्प बसलं की ते आपोआप साठतात, सोफ्याच्या कव्हरवर धूळ साठते तसे. मी मुळातच गप्प, त्यात लग्नाला जेमतेम वर्ष झालंय. तेव्हा माझ्याकडे साठा बरा आहे!

हुडकेश्वरच्या आमच्या घरात तेव्हा पाच माणसं. सासरे म्हणजे बाबा, सासूबाई, नवरा निखिल, नणंद पल्लवी आणि मी. पहिल्या सकाळी मी चहा केला. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि कप खाली ठेवले. साखर! बाबांना डायबेटीस निघाल्यापासून अख्ख्या घरानं सोडलेली. आता सवय झाली, असं निखिल म्हणाला. मग सगळेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मलाही झाली.

*

महिनाभरात कळलं. सासूबाई चहाआधी गुळाचा खडा गालात धरतात. निखिल ऑफिसखालच्या टपरीवर दोन कप पितो. पल्लवीच्या कपाटात ओढण्यांखाली साखरेची बरणी. आणि खुद्द बाबा मला भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर जिलेबी खाताना दिसले.

"घरी नको सांगू बेटा," ते म्हणाले. "माह्यापायी सगळ्याइनं सोडली. त्याइले वाईट वाटन."

*

एकदा हॉटेलात गेलो. बाबांचं पोट बिघडलेलं, म्हणून त्यांनी इडली सांगितली. सासूबाई, इडली. निखिल, इडली. पल्लवी मेन्यूतल्या छोले-भटुऱ्यांच्या फोटोवर बोट ठेवून बसली होती. तिनं बोट उचललं आणि इडली म्हणाली.

वेटरनं मला विचारलंच नाही.

*

मग पल्लवीला पारशिवनीचं स्थळ आलं. घर चांगलं, शेती चांगली, अट एकच: नोकरी सोडायची. पल्लवी एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मायक्रोस्कोपखाली आज काय दिसलं ते भर जेवणात सांगून सगळ्यांची भूक घालवणारी मुलगी!

भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "मले नाही पटलं वं. पण ह्याइले पटलं न." बाबांच्याही मनात नव्हतं, पण त्यांची समजूत, सासूबाईंना पटलंय. निखिल म्हणाला, दोघं खूश आहेत तर मी काहून बोलू?

आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना पल्लवी म्हणाली, "वहिनी, कोणी एकानं नाही म्हटलं न, तर मी बी म्हणीन."

चौघांची मनं मला एकटीला ठाऊक होती.

रविवारी सगळे बैठकीत बसले. छान आहे, बाबा म्हणाले. छान आहे, सासूबाई. छान आहे, निखिल. मग पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्यामागोमाग सगळ्यांनीच पाहिलं. नव्या सुनेलाही विचारतात, केवढं कौतुक.

"छान आहे," मी म्हणाले.

पल्लवीनं मान डोलावली. त्याच संध्याकाळी होकार कळवला गेला.

*

लग्नानंतर दोन महिन्यांनी पल्लवी पहिल्यांदा राहायला आली. मी चहा केला. तिच्या कपात, कुणाला दिसणार नाही असा, एक चमचा साखर घातली.

तिनं घोट घेतला. थांबली. कप हातात धरून तिनं एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे.

"वहिनी, यात साखर पडली चुकून," ती म्हणाली. "मले बिनसाखरेचाच दे. आता सवय झाली."