मंगलाबाईच्या चहातली भुकटी

आसगावच्या मंगलाबाईचा आवाज म्हणजे काय सांगावं! ती धानाच्या बांधीत बोलली की पलीकडच्या शिवारातला गुराखी वळून पाही. धानाच्या रोवण्याला बायांची टोळी नेणारी तीच. चिखलात परे, म्हणजे धानाची रोपं, रोवत वाकलेल्या बायांची पात सरळ ठेवायची, आणि बांधावरच्या मालकालाही आवरायचं, त्याला तसाच गळा लागतो.

"हे गोदावरी, परे काय वरवर टेकवून राहिली? उद्या तरंगतील ना!"

पण हाच गळा संध्याकाळी घरी यायचा आणि सून तृप्तीच्या डोक्यात शिरायचा. मुलगा सुगत भंडाऱ्याला नोकरीवर. एका शनिवारी तो बाटली घेऊन आला.

"माय, अश्वगंधाची भुकटी आहे. टेन्शन कमी होते. आमच्या ऑफिसात समदे घेतात."

"मले कायचं टेन्शन? माह्यापासून ज्याले होते, त्याले चार!"

बाटली फळीवर गेली. निदान मंगलाबाईला तरी तसंच वाटलं.

मग बाईला काय झालं कोणाला कळेना. सकाळी उठलं की डोकं गरगरे, बांधावर बसली की डोळे मिटत. बीपीची गोळी तर ती नेमानं घेत होती. एके दिवशी भय्याजी मालकाच्या शेतात पात वाकडी झाली, हिचं लक्षच नाही. भय्याजीनं डाव साधला.

"मंगलाबाई, धुऱ्याकडची ती पट्टीबी यातच घ्या."

"हो," म्हणाली मंगलाबाई.

साऱ्या बाया चिखलातून ताठ उभ्या झाल्या. ठरल्याबाहेरचं काम, आणि मंगलाबाई हो म्हणते? टोळीतल्याच रत्नाबाईनं हातातली पेंडी आपटली. "हिच्यानं आता होत नाही वो. उद्यापासून टोळी माही!"

मंगलाबाई तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईनं बीपी मोजला, तो पार खाली. "नुसत्या गोळीनं एवढा उतरत नाही. गोळीशिवाय अजून काय घेता?"

"काहीच नाही, बाई."

बोलता बोलताच तिला फळीवरची बाटली आठवली. घरी येऊन पाहते तर बाटली अर्धी. चहाचं भांडं हुंगलं. आल्याच्या वासाखाली बाटलीतलाच उग्र वास. ती तृप्तीकडे वळली.

"काय वो, मले न विचारता पाजून राहिली?"

"तुम्हालाच बरं वाटावं म्हणून, आई."

"माह्यासाठी का तुह्यासाठी?"

"माझ्यासाठीच!" तृप्तीही उसळली. "तुम्ही झोपून राहता तेव्हा हे घर घरासारखं वाटते!"

सुगतला फोन लागला. तो म्हणे, "माय, झाडपाल्याचं औषध आहे, त्यानं काय होते?"

"घरामागं धोतरा उगवला आहे. तोबी झाडपालाच. पाठवू का तुले?"

फोन तिकडूनच कटला.

दोन दिवस ती पडून राहिली. डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेवढंच घेतलं, भुकटी उकिरड्यावर गेली. तिकडे टोळी रत्नाबाईच्या हाताखाली भय्याजीच्याच बांध्यांत. तिसऱ्या सकाळी तृप्तीनं चहा पुढं केला. मंगलाबाईनं कप तसाच परत सरकवला.

"पहिला घोट तू घे."

तृप्तीनं डोळे वटारून घेतला. मंगलाबाईनंही पापणी न लववता पाहिलं. मगच उरलेला पिऊन ती निघाली.

बांधीवर पाहते तर पात वाकडी, आणि भय्याजी बोटानं नवीन पट्टी दाखवतो आहे. रत्नाबाई नुसती मान डोलावते आहे.

"भय्याजी! ते बोट खाली घ्या! ठरलं तेवढंच होईल. एक काडी जास्त लागणार नाही!"

भय्याजीचं बोट खाली आलं. "आली का रे बाप्पा ही!"

"मेली नाही अजून," मंगलाबाई म्हणाली आणि चिखलात उतरली. "सरक वो रत्ने, मधली पात माही आहे."

"तुहं नाव लिहिलं हाय का इथं?"

"माह्यासारखा आवाज काढून दाखव, मग ठेव पात!"

रत्नाबाईनं एकदा बायांकडे पाहिलं. बाया केव्हाच मंगलाबाईकडे तोंड करून वाकल्या होत्या. ती पुटपुटत कडेला सरकली.

मग मंगलाबाई जी सुरू झाली, ती दिवस मावळेपर्यंत. वारा गावाकडे वाहत होता. म्हणतात, तृप्तीनं दुपारीच घराच्या साऱ्या खिडक्या लावून घेतल्या.